बांधील राहील

माझी मावशी ही माझ्या आईची सख्खी धाकटी बहीण. त्यामुळे खरं तर तिच्यावर माझा एकटीचा हक्क असायला हवा होता. पण अख्खं शहर तिला मावशी म्हणायचं, आणि नुसतं मावशी नाही, अर्जमावशी. नगरपालिकेच्या इमारतीत शिरलं की उजव्या हाताला जिना लागतो. त्या जिन्याखाली तिचं टेबल. पस्तीस वर्षं ती तिथे बसून लोकांचे अर्ज टाइप करून देत आली. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. नळाला पाणी नाही, दाखल्यावर बापाचं नाव चुकलं, रस्त्यावरचा दिवा गेलाय, शेजाऱ्यानं भिंत पुढे सरकवली: शहराची सगळी दुखणी आधी तिच्यासमोर यायची आणि मग वरच्या मजल्यावर जायची.

तिचे नियम कडक होते. अर्जात "विनंती" हा शब्द एकदाच. "एकदा मागितलं की मागितलं," ती म्हणायची. "तीनदा मागितलं की समोरच्याला वाटतं, याला नाही म्हटलं तरी चालेल." एक गृहस्थ शेजारच्या कुत्र्याबद्दल बारा पानांची तक्रार घेऊन आले होते. तिनं ती चार ओळींत बसवली. ते रुसले, तर म्हणाली, "कुत्रा भुंकतो हे पालिकेला कळलं पाहिजे. तुमच्या मेव्हण्याचं लग्न का मोडलं ते नाही."

तिनं स्वतः लग्न केलं नाही. का, असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं: "मसुदा पसंत पडला नाही."

ती राहायची जुन्या बाजारात, बटणकाकांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांमध्ये. बटणकाकांचं दुकान म्हणजे बटणं, दोरे, चेन, लेस आणि सुया यांनी जमिनीपासून छतापर्यंत भरलेली एक अरुंद बोळ होती. बाहेरून एक लोखंडी जिना वर जायचा. मावशीच्या स्वयंपाकघरात एक माणूस उभं राहिलं की दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. मागच्या भिंतीला दरवर्षी ओल यायची आणि ती दरवर्षी त्याच जागी कपाट सरकवायची. पण सकाळी खाली उतरलं की आठ मिनिटांत ती टेबलावर हजर. वाटेत किल्ल्या करणारा, चपला शिवणारा, पावाच्या भट्टीवरची माणसं, सगळे तिला हाक मारायचे. माझी आई दर महिन्याला म्हणायची, "ये की आमच्याकडे राहायला, खोली रिकामी आहे." मावशी म्हणायची, "तुझ्याकडे आले तर दोन दिवसांत एकमेकींच्या झिंज्या उपटू. इथून नातं बरं टिकतंय."

मग एक दिवस पालिकेच्या दर्शनी दालनात काचेची पेटी आली. तिच्यात शहराचा मध्यभाग होता, पण नवा कोरा. हिरव्या स्पंजाची झाडं, बोटभर उंचीची माणसं आणि जुन्या बाजाराच्या जागी दोन उंच इमारती. मध्यभागाचा कायापालट, असं त्यावर लिहिलं होतं. एकूण दोनशे चाळीस घरं. त्यातली बहात्तर परवडणारी, म्हणजे बाजारात आज राहणाऱ्या आणि राबणाऱ्या लोकांना झेपेल अशा भाड्याची. बाकीची विकायची. बाजारातल्या लोकांनी खोल्या रिकाम्या करायच्या, दोन वर्षं दुसरीकडे काढायची आणि मग नव्या घरात परत यायचं.

लोकांनी पेटीला नाक लावून पाहिलं आणि थेट जिन्याखाली आले. "मावशी, कागदात काय लिहिलंय ते वाचून सांगा."

मावशीनं बिल्डरनं वाटलेली चार पानं हातात घेतली. तीन दिवस, संध्याकाळी काम संपल्यावर, भट्टीच्या मागच्या पडवीत ती बाजारातल्या लोकांना ती पानं वाचून दाखवत होती. वाचायची, समजावून सांगायची, पुन्हा वाचायची. तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेकांच्या सह्या झाल्या. एकटे बटणकाका अडून बसले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मान जरा वाकलेली, पण हट्ट ताठ.

"मी नाही सही करणार," ते म्हणाले. "गेलो की गेलो. परत कोण बोलावतंय?"

"काका, हे वाक्य ऐका. ‘विकासक ही बहात्तर घरे बांधून देण्यास बांधील राहील.’ प्रयत्न करील असं नाही लिहिलेलं. बांधील राहील."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बांधलेला. सुटता येत नाही."

काकांनी कागदावरून नजर उचलून तिच्याकडे बघितलं. "तू सांगतेस ना?"

"मी सांगते."

त्यांनी सही केली. त्यानंतर महिन्याभरात बाजार रिकामा झाला. काका शहराबाहेर मुलीकडे गेले, बटणांची खोकी घेऊन. चपला शिवणारा भावाकडे गेला. मावशीनं बस आगाराजवळ एक खोली घेतली. पहाटे पहिली बस सुरू झाली की तिथली भांडी आपोआप वाजायची. आता तिला टेबलापर्यंत यायला पाऊण तास लागायचा. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," ती म्हणायची.

दोन वर्षं झाली. विकायची इमारत आकाशात चढत गेली. तिच्या सतराव्या मजल्यावरच्या घरांच्या जाहिराती वर्तमानपत्रात येऊ लागल्या. दुसऱ्या इमारतीच्या जागी मात्र पत्र्याचं कुंपण होतं आणि आत गवत. लोक विचारायचे, मावशी सांगायची, "होईल, करार आहे."

मी त्या वेळी पालिकेसमोरच्याच औषधांच्या दुकानात काउंटरला होते. एके दिवशी दुपारी सहज बाहेर पाहिलं, तर मावशी पालिकेच्या सूचनाफलकासमोर उभी. पाच मिनिटांनी पाहिलं, तरी उभीच. मी गेले. फलकावर एक नोटीस होती. बाजारातली परिस्थिती बदलल्यामुळे परवडणारी घरे बांधणे प्रकल्पाला परवडत नाही. सबब करारातल्या कलम चौदामध्ये दुरुस्ती करून "बांधून देण्यास बांधील राहील" याऐवजी "शक्य झाल्यास बांधून देण्याचा प्रयत्न करील" असे वाचावे. हरकती असल्यास तीस दिवसांत.

"वाचलंस?" मावशी म्हणाली. "परवडणारी घरं परवडत नाहीत." ती हसली नाही. टेबलाकडे गेली, संगणकावर कापड टाकलं, आणि समोर तीन माणसं अर्जासाठी उभी असताना म्हणाली, "आज नाही." तिच्या तोंडून हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

ती बसस्टॉपकडे निघाली. मी दुकानात सांगून तिच्या मागे धावले. दोन बस बदलून आम्ही बटणकाकांच्या मुलीकडे पोचलो. काका पलंगावर बटणं पसरून बसले होते, दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची एकीकडे. मावशी दारातूनच बोलायला लागली, जणू बसली तर धीर सुटेल.

"काका, फसवणूक झाली. तुमची. आणि त्यात माझा हात होता."

तिनं नोटीस शब्दन् शब्द सांगितली. पाठच झाली होती. काका ऐकत होते, हात मात्र बटणं वेगळी करत होते. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं, कागद फिरणार."

"मग सही का केलीत?"

"तू वाचलंस म्हणून. तू खोटं वाचणार नाहीस, एवढं मला ठाऊक होतं."

"अहो, तेच तर!" आणि इतकं बोलून मावशी रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहत होते. रडणंही तिनं चार ओळींतच आटोपलं. चष्मा पुसला, नाक पुसलं, झालं.

काकांच्या मुलीनं चहा आणला. काकांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि अगदी सहज विचारलं, "पोरी, तू तेव्हा वाचलास तो पूर्ण करार होता का गं? इतक्या मोठ्या इमारती आणि चारच पानं?"

मावशीचा कप हातातच राहिला. परतीच्या बसमध्ये तिनं मला तीनदा सांगितलं, "मी सारांश वाचला. मी! लोकांना सारांश वाचून दाखवला!" एखाद्या आचाऱ्यानं न चाखताच पंगत वाढावी, तसं तिला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःसाठी एक अर्ज टाइप केला. मूळ करार पाहायला मिळावा, दोन ओळी, एक विनंती. फायलींच्या खोलीतला कारकून तिच्या ओळखीचा. तिच्या टेबलाशेजारून तो रोज जिना चढायचा. त्यानं आधी डोकं खाजवलं, मग साहेबांना विचारलं, मग फाईल काढून दिली. फाईल बाहेर न्यायची नाही, तिथेच बसून वाचायची. चौऱ्याण्णव पानं होती. मावशी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिथे जायची. ती आपल्यासारखी वाचत नव्हती. टाइप केलेला मजकूर तपासावा तशी एकेका शब्दावर पट्टी ठेवून वाचत होती. चौथ्या दिवशी ती रस्ता ओलांडून थेट माझ्या काउंटरवर आली. खोकल्याचं औषध मागणाऱ्या बाईंना बाजूला सारून म्हणाली, "कलम नऊ."

"काय कलम नऊ?"

"त्यांनी चौदा बदलायचं म्हटलंय. नऊ विसरलेत."

कलम नऊ असं होतं: परवडणाऱ्या घरांपैकी किमान निम्मी घरे पूर्ण होऊन ताब्यात दिल्याशिवाय मुख्य इमारतीला राहण्याचा दाखला मिळणार नाही. म्हणजे छत्तीस घरं उभी राहिल्याशिवाय सतराव्या मजल्यावरच्या माणसालाही किल्ली नाही. चांगल्या दिवसांत कुणीतरी शहाण्या माणसानं ते लिहून ठेवलं होतं. त्यानंतर ते कुणी वाचलंच नव्हतं, बिल्डरच्या वकिलांनीही नाही.

हरकतींची सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. प्रत्येकाला तीन मिनिटं. मावशीनं भाषण लिहिलं आणि आमच्या घरी येऊन म्हणून दाखवलं. मी मोबाइलवर वेळ लावली. सात मिनिटं झाली. आई म्हणाली, "छान झालं गं, पण तिसऱ्या मिनिटाला माइक बंद करतील."

"विशेषणं काढते," मावशी म्हणाली. विशेषणं काढल्यावर पाच मिनिटांवर आलं. मग तिनं "निर्लज्ज" काढला, "विश्वासघात" काढला. "विश्वासघात राहू दे," मी म्हणाले. "नको," ती म्हणाली. "तो त्यांचा त्यांना सापडेल."

सुनावणीला बाजारातले सगळे आले होते. किल्लीवाला, भट्टीवाले, चपला शिवणारा बायकोमुलांसकट. बटणकाका मुलीचा हात धरून आले आणि पहिल्या रांगेत बसले. मागच्या रांगांत काही नीटनेटकी, अनोळखी माणसंही होती. विकायच्या इमारतीत घरं घेतलेली, ताबा कधी मिळणार ते ऐकायला आलेली.

बिल्डरचा माणूस बोलायला उठला. तरुण, अगदी सभ्य. भिंतीवर त्यानं रंगीत आलेख दाखवले. लोखंड महागलं, सिमेंट महागलं, कर्ज महागलं. "आमची इच्छा आजही आहे," तो म्हणाला, "पण दुर्दैवानं परवडणारी घरं या प्रकल्पाला परवडत नाहीत." मागून कुणीतरी ओरडलं, "मग आम्हाला काय परवडतं ते विचारा की!" सभागृह हसलं. तो तरुणही ओशाळून हसला. मला त्याची थोडी दयाच आली.

मग मावशीचं नाव पुकारलं. माइक तिच्या उंचीपेक्षा वर होता. तिनं तो खाली ओढला, तो परत वर गेला. शेवटी ती त्याच्या बाजूला उभी राहून मोठ्यानं बोलली.

"मी टाइपिस्ट आहे. मला लोखंडाचा भाव कळत नाही, शब्द कळतात. तुम्ही कलम चौदा बदलायचं म्हणता. कलम नऊ मात्र तुमच्या नोटिशीत कुठेच नाही." तिनं ते कलम वाचलं. सावकाश, शुद्धलेखन घालावं तसं. "चौदा बदललंत तरी नऊ उभंच आहे. मुख्य इमारतीला दाखला हवा असेल, तर आधी छत्तीस घरं दाखवा. पान एकोणीस, खालून सहावी ओळ."

तिनं कागद खाली ठेवला. पुढचं लिहिलेलं नव्हतं.

"आणखी एक. बाजारातल्या लोकांनी सह्या केल्या त्या तुमच्या पेटीकडे बघून नाही. मी त्यांना वाचून दाखवलं म्हणून केल्या. मी नीट वाचलं नव्हतं, ही माझी चूक. ती मी आज सगळ्यांसमोर मान्य करते. तुमची तुम्ही बघा."

दोन मिनिटं चाळीस सेकंद. ती खाली बसली. बटणकाकांनी आपल्या शेजारची रिकामी खुर्ची तिच्यासाठी हातानं पुसली, ती आधीच दुसरीकडे बसली होती तरी.

पालिकेचे कायदा अधिकारी पानं उलटत होते. शेवटी ते अध्यक्षांकडे वाकून म्हणाले, "आहे. कलम आहे." त्यासरशी मागच्या रांगेतल्या, सतराव्या मजल्यावर घर घेतलेल्या एक बाई ताडकन उठल्या. "म्हणजे आमचा ताबाही अडकणार? आम्हाला हे कुणी सांगितलं नाही!" त्यांच्यामागून दुसरे उठले, तिसरे उठले. तोपर्यंत आमच्याकडे अडचण म्हणून बघणारी ती माणसं आता आमच्यापेक्षा मोठ्यानं छत्तीस घरं मागत होती. आई माझ्या कानात कुजबुजली, "बघ, गरज पडली की सगळे शेजारी होतात."

त्यापुढचं सरळ झालं असं मात्र नाही. महिन्याभरात बिल्डरनं कलम नऊही बदलायचा प्रस्ताव आणला. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावणी. या खेपेला सतराव्या मजल्यावरच्या बाईंनी आपली हरकत मावशीकडूनच टाइप करून घेतली. मावशीनं त्यातली दोन "तीव्र" काढून टाकली. प्रस्ताव दोन मतांनी पडला. मग पत्र्याचं कुंपण हललं, गवत उपटलं गेलं आणि दीड वर्षात छत्तीस घरांची एक ठेंगणी इमारत उभी राहिली. उरलेल्या छत्तीसांबद्दल पालिकेनं ठराव केला की ती पुढच्या टप्प्यात, बारा-बारा करून. कबूल केल्याच्या निम्मी घरं मिळाली होती. कुणी पेढे वाटावेत असं यश नव्हतं ते. पण शून्यही नव्हतं.

छत्तीस घरं आणि अठ्ठावन्न कुटुंबं. चिठ्ठ्या काढल्या. चपला शिवणाऱ्याला घर लागलं, किल्लीवाल्याला लागलं. बटणकाकांची चिठ्ठी विसावी निघाली. तेव्हा ते ब्याऐंशीचे होते. ते उभे राहिले नाहीत, फक्त मुलीला म्हणाले, "खोकी बांधायला घे." दुकानासाठीचा गाळा काही त्यांना मिळाला नाही. तिथे आता मोबाइल विकतात.

मावशीची चिठ्ठी निघालीच नाही. प्रतीक्षा यादीत तिचा नंबर चौथा लागला.

लोक तिच्याभोवती जमले. चपला शिवणाऱ्याची बायको रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, आमचं घर तुम्ही घ्या."

"वेडी आहेस का," मावशी म्हणाली. "घर हस्तांतरणीय नाही. कलम तेवीस." मग तिचा गाल कुरवाळून म्हणाली, "खिडकी पूर्वेची आहे ना? सकाळचं ऊन येईल. मुलांना उठवायचा त्रास वाचला."

परतीच्या बसमध्ये मीच रडत होते. मावशी माझ्या खांद्यावर मान टाकून शांत झोपली होती. आमचा स्टॉप आल्यावर मी तिला हलवलं, तर म्हणाली, "आगाराच्या खोलीत आता जीव रमत नाही गं. तुझ्या आईला विचार, ती खोली अजून रिकामी आहे का."

तेव्हापासून ती आमच्याकडे राहते. झिंज्या कुणी उपटल्या नाहीत, पण दोघी बहिणी दूध कुठल्या पातेल्यात तापवायचं यावरून रोज भांडतात आणि रोज एकमेकींसाठी जेवायच्या थांबतात. जिन्याखालचं टेबल चालूच आहे. नवीन नियम एवढाच, की कुणी सहीचा कागद घेऊन आलं की मावशी आधी विचारते, "हा पूर्ण आहे का? उरलेला आणा, मग वाचते." लोक कुरकुरत जातात आणि घेऊन येतात.

पुढच्या टप्प्यातल्या बारा घरांचं काम आता पुरं होत आलंय. गेल्या आठवड्यात पालिकेतले घरविभागाचे साहेब जिना उतरता उतरता तिच्या टेबलापाशी थांबले आणि आनंदानं म्हणाले, "मावशी, तुमचा नंबर लवकरच लागणार बरं का!"

"लवकरच म्हणजे कधी?" मावशीनं विचारलं.

"म्हणजे… लवकरच."

"साहेब, तारीख सांगा."

साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि खिशातून डायरी काढली. किल्ली द्यायची दहा तारीख निघाली, सकाळी अकरा वाजता. मावशीनं ती कागदावर लिहून घेतली आणि त्याखाली त्यांची सही मागितली. त्यांनी हसत हसत सही केली.

मी दहा तारखेची रजा टाकली आहे. आईही येणार म्हणते. बटणकाकांनी तर निरोप पाठवलाय की ते साडेदहालाच येऊन नव्या इमारतीच्या फाटकापाशी उभे राहतील.